प्रत्युत्तराआधीचे प्रश्न

मुंबईच्या माणसाला दहशतवादाची ओळख करून द्यावी लागत नाही. १२ मार्च १९९३, २५ ऑगस्ट २००३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८, १३ जुलै २०११ या तारखा त्याला तोंडपाठ आहेत. त्या दिवशी घरातले कोण कुठे अडकले होते, कुणाचा फोन लागत नव्हता, हे विषय अजूनही जेवताना निघतात. ओळख करून द्यावी लागते ती या घटनांनी उभ्या केलेल्या प्रश्नांची. निरपराध माणसांना ठरवून मारणे कोणत्याही कारणासाठी क्षम्य ठरू शकते का? ज्यांच्यावर असा घाला पडला त्यांनी सैन्य पाठवून उत्तर दिले, तर ते उत्तर न्याय्य केव्हा आणि नुसता सूड केव्हा? या प्रश्नांचा जगात दीड हजार वर्षांहून अधिक काळ पद्धतशीर विचार झाला आहे, आणि आपल्याकडे त्याच्याही आधीपासून. तरी रोजच्या व्यवहारात हा विषय हल्ल्याच्या रात्री पेटतो आणि पंधरवड्यात विझतो. मधल्या काळात, डोके थंड असताना, त्याच्याकडे वळता यावे म्हणून हा वेच्यांचा संग्रह केला आहे.

संग्रहाची जुळवाजुळव शीव कोळीवाड्यात झाली, आणि ते मला योग्यच वाटते. इथल्या हार्बर मार्गावरच्या स्टेशनाचे नाव आता गुरू तेगबहादूर नगर आहे; जुनी माणसे अजून कोळीवाडाच म्हणतात. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून उखडलेली कुटुंबे इथल्या छावणीत येऊन राहिली आणि आपल्याबरोबर त्या वर्षीच्या आठवणी घेऊन आली. त्या आठवणींत एक गोष्ट सारखी डोके वर काढते: इकडच्यांनी मारले ते तिकडच्यांनी मारले म्हणून, आणि तिकडच्यांनी मारले ते इकडच्यांनी मारले म्हणून. प्रत्येक कत्तल कुणाच्या तरी लेखी प्रत्युत्तरच होती. पुढे ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या डब्यांतले कितीतरी जखमी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणले गेले, तेव्हा या भागाने दुसऱ्या तऱ्हेची हिंसाही जवळून पाहिली.

कोळी समाजाचा या इतिहासाशी संबंध तर फारच थेट आहे. १९९३ च्या स्फोटांच्या दिवशी माहीमच्या मच्छीमार कॉलनीवर हातबॉम्ब फेकले गेले. २००८ मध्ये दहा हल्लेखोर समुद्रातून आले, ते ‘कुबेर’ नावाचा मासेमारी ट्रॉलर बळकावून आणि त्याच्या तांडेलाला मारून. ते उतरले कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिले, हटकले, आणि त्यांच्यापैकी काहींनी पुढे न्यायालयात साक्ष दिली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे आली, होड्यांची नोंदणी आणि तपासणी कडक झाली. हल्ला झालाच तर तो आधी कुणाच्या दारात येतो आणि नंतरच्या बंदोबस्ताचा भार कुणावर पडतो, हाही या अभ्यासातला प्रश्नच आहे. तो बहुतेक ग्रंथांत तळटिपेत जातो. आम्ही त्याला पुढे आणले आहे.

आता विषयाकडे वळू. पहिली अडचण व्याख्येची. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तो अजून संमत झालेला नाही, कारण स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना आणि राज्यांच्या सैन्यांना व्याख्येत धरावे की नाही, यावर देशांचे एकमत होत नाही. वाचकांनी या गुंत्याला बिचकू नये. माणूस कोण आहे हे बाजूला ठेवून कृती काय आहे हे पाहिले, की बरेचसे धुके निवळते. ज्यांचा लढाईत हात नाही अशांना मुद्दाम लक्ष्य करणे, त्यांच्या मरणाने बाकीच्यांत धाक बसवणे आणि त्या धाकाच्या जोरावर आपली मागणी पुढे रेटणे, ही ती कृती. गुप्त संघटनेने केली तरी ती हीच, आणि एखाद्या सरकारने केली तरी हीच. कारण कितीही रास्त असो, ही कृती रास्त होत नाही, असे माझे मत आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुम्हाला ते पटलेच पाहिजे असे नाही. या संग्रहात त्याच्या विरुद्ध बाजूचे युक्तिवादही पुरेशा ताकदीने मांडलेले आहेत.

मराठी वाचकाला या वादाची वाट परकी नाही, हे मला थोड्या अभिमानाने सांगावेसे वाटते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रँडच्या कारभाराबद्दल लोकांत किती संताप होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच रात्री मागच्या गाडीतला आयर्स्ट हा अधिकारीही मारला गेला, आणि तो लक्ष्य नव्हता. अकरा वर्षांनी, ३० एप्रिल १९०८ रोजी, मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या बॉम्बने केनेडी कुटुंबातल्या दोन स्त्रिया गेल्या. ज्याच्यावर नेम धरला तो वाचला आणि ज्यांचा संबंध नव्हता त्या मेल्या. या विषयातला सर्वांत अवघड मुद्दा इथेच आहे, आणि तो आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या पोटातून आलेला आहे.

मुझफ्फरपूरनंतर टिळकांनी ‘केसरी’त जे लेख लिहिले, त्यांतले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन वाचकांनी सावकाश, शक्य तर दोनदा वाचावेत. टिळक बॉम्बचा पुरस्कार करत नाहीत. पण दडपशाहीच्या उपायांनी बॉम्ब थांबतील असेही ते मानत नाहीत; लोकांना हक्क द्या, हे त्यांचे सांगणे. याच लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. पंचांमध्ये सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. परळ-लालबागच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. लेख वाचताना एक गोष्ट मनाशी धरावी: एखादी हिंसा का घडली हे सांगणे वेगळे आणि ती योग्य होती असे म्हणणे वेगळे. त्या खटल्यात सरकारने या दोहोंमधली रेघ पुसली. आजही प्रत्येक हल्ल्यानंतर जो कुणी ‘हे का घडले’ असे विचारतो त्याच्यावर समर्थनाचा आरोप होतो, आणि उलट बाजूने कित्येकदा समर्थनच स्पष्टीकरणाचे कपडे घालून येते. दोन्ही ओळखता आले पाहिजेत.

१९९३ हे त्याचेच उदाहरण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत या शहरात सुमारे ९०० माणसे मेली. मार्चच्या स्फोटांत २५७. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात या दोन घटनांमधला दुवा नोंदवला. दुवा नोंदवल्याने स्फोट करणाऱ्यांचा गुन्हा तिळभरही कमी होत नाही. आणि गुन्हा मोठा आहे म्हणून दुवा नाकारताही येत नाही. दंगलीत ज्यांनी माणसे मारली त्यांचे काय झाले, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. ज्या शहराला फक्त एकाच बाजूची मढी मोजायची सवय लागते त्या शहराला न्यायाची भाषा बोलता येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

याहून मागे जायचे तर सौप्तिकपर्वापाशी थांबावे लागते. महाभारतातले हे पर्व आकाराने लहान, पण आपल्या परंपरेने या विषयावर याहून खोल काही लिहिले असेल असे मला वाटत नाही. युद्ध संपले आहे, दुर्योधन मांडी मोडून पडला आहे. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रानात एका वडाखाली रात्र काढत आहेत. दोघांना झोप लागली आहे, अश्वत्थाम्याला नाही. वडावर कावळ्यांचा थवा निजलेला. एक घुबड आवाज न करता येते आणि झोपलेल्या कावळ्यांच्या माना मोडत, पंख तोडत सुटते. अश्वत्थामा ते टक लावून पाहतो आणि त्याला मार्ग सापडतो.

तो दोघांना उठवतो. कृपाचार्य त्याला अडवतात: निजलेल्यावर, शस्त्र खाली ठेवलेल्यावर हात उचलू नये, सकाळ होऊ दे, मग आम्ही तुझ्याबरोबर आहोत. त्यावर अश्वत्थामा जे बोलतो त्याचा आशय आजच्या कुठल्याही दहशतवादी पत्रकात सापडेल. नियम त्यांनी आधी मोडले. माझ्या बापाने शस्त्र टाकल्यावर त्याला मारले, भीष्माला, कर्णाला, दुर्योधनाला अधर्माने पाडले. आता धर्म मलाच कशाला सांगता? इथे व्यासांची थोरवी दिसते. त्यांनी अश्वत्थाम्याची तक्रार खोटी ठरवलेली नाही. ती खरीच आहे. तरीही पांडवांच्या छावणीत शिरून त्याने जे केले, झोपेतल्या धृष्टद्युम्नाला लाथांनी मारले, द्रौपदीच्या पाचही मुलांना कापले, त्याला ते कुठेही पराक्रम म्हणत नाहीत.

पण पर्व तिथे संपत नाही, आणि आपल्या विषयाचा दुसरा अर्धा भाग पुढेच आहे. द्रौपदी अन्न सोडून बसते. अश्वत्थाम्याला शासन झाल्याशिवाय ती उठणार नाही. भीम धावतो, मागोमाग कृष्ण आणि अर्जुन. गंगाकाठी अश्वत्थामा गवताच्या काडीतून अस्त्र सोडतो. ते शमवण्यासाठी अर्जुन आपले सोडतो. दोन आगी आमनेसामने येतात आणि मध्ये नारद आणि व्यास उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो, कारण ते मागे घेण्याची साधना त्याने केलेली आहे. अश्वत्थाम्याला सोडता येते, आवरता येत नाही; तो ते पांडवांच्या सुनांच्या गर्भावर वळवतो. शेवटी त्याला जिवे मारत नाहीत. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतात आणि शाप घेऊन त्याला जगू देतात. तो भळभळत्या जखमेला तेल मागत फिरतो, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. ज्या बाजूवर अन्याय झाला तिने उत्तर दिले, ताकदीनिशी दिले, आणि तरी शस्त्र आवरण्याची क्षमता हाच तिचा मोठेपणा ठरला. प्रत्युत्तराच्या नीतीबद्दल मला जे कळते त्याचा गाभा या प्रसंगात आहे. या पर्वाची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेसाठी सिद्ध केली ती गिरगावच्या विल्सन कॉलेजात शिकवणाऱ्या प्रा. ह. दा. वेलणकरांनी. वाचकांनी सौप्तिकावर थांबू नये. त्याला लागून स्त्रीपर्व येते, तेही वाचावे. जिंकलेल्यांच्या आणि हरलेल्यांच्या बायका तिथे एकाच रणांगणावर प्रेते शोधत फिरतात.

युरोपात हाच विचार ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस आणि १६२५ मध्ये ग्रंथ लिहिणारा ग्रोशियस यांच्यामार्फत ‘न्याय्य युद्धा’च्या सिद्धान्तापर्यंत आला. आज बहुतेक विद्यापीठांत तो मायकेल वॉल्झर यांच्या १९७७ च्या पुस्तकापासून शिकवला जातो. सिद्धान्ताची मांडणी तुम्हाला पुढच्या वेच्यांत सविस्तर मिळेल. इथे फक्त नेहमी गैरसमज होतो त्या दोन जागा दाखवतो.

एक जागा प्रमाणाची. ‘त्यांनी जितके मारले तितके आम्ही मारू’ याला प्रमाण म्हणत नाहीत. तो सुडाचा हिशेब झाला. प्रमाण मोजायचे ते उद्दिष्टाशी: पुढचा हल्ला टाळण्यासाठी जे साधायचे आहे त्याच्या तुलनेत निरपराधांचे किती नुकसान होणार? म्हणजे आपले शंभर गेले तरी शत्रूच्या बाजूच्या दहा निरपराधांचा बळी अन्याय्य ठरू शकतो, जर त्यातून काहीच साधणार नसेल. दुसरी जागा हेतूची. निरपराधांना ठरवून मारणे आणि लष्करी लक्ष्यावर वार करताना ते मरतील हे ठाऊक असणे, यात सिद्धान्त फरक करतो. हा फरक सोयीस्करपणे वापरला जातो, म्हणून वॉल्झर त्याला एक अट जोडतात: निरपराधांचा धोका कमी करण्यासाठी सैनिकाने स्वतःचा धोका वाढवून घेतला पाहिजे. अट कागदावर कठोर वाटते. पण आपण ती पाळली जाताना पाहिली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस इथे माणसे अडकलेली होती, म्हणून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो खोली-खोलीने लढले. सगळा प्रकार संपायला सुमारे ६० तास लागले आणि त्या लढाईत मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंद्र सिंह यांना प्राण द्यावे लागले.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी जे केले ते नीतिशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवण्याजोगे आहे. हाती काठी. समोर गाडीत एके-४७ घेतलेला माणूस. ओंबळ्यांनी बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे अजमल कसाब जिवंत हाती लागला. तो क्षण संतापाचा होता, सहकारी डोळ्यांदेखत कोसळला होता, तरी पोलिसांनी कसाबला तिथे संपवले नाही. पुढचे सगळे त्या संयमातून आले. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले. आरोपीला वकील देण्यावरूनच शहर तापले. पहिल्या नेमणुकीनंतर वकीलबाईंच्या घरावर जमाव गेला, दगड पडले. तरी त्याला वकील मिळाला. न्या. एम. एल. तहलियानी यांनी मे २०१० मध्ये निकाल दिला, उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी तो कायम केला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी माझे मत वेगळे आहे, पण तो या प्रस्तावनेचा विषय नाही. ज्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे त्या अशा. याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी निर्दोष सुटले आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते मान्य केले. आणि सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात दंडाधिकाऱ्यांना बजावले, की अटक झालेला माणूस पहिल्यांदा पुढे येईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. देशातल्या सगळ्यांत तिरस्कृत आरोपीच्या खटल्यातून उद्याच्या कुणा गरीब आरोपीचा हक्क पक्का झाला. मुंबईने याचा अभिमान बाळगावा. तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी दाखवतो.

सैन्यबळाचा प्रश्न मात्र खटल्याने सुटत नाही, कारण कट करणारे सीमेपलीकडे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले ५१ वे कलम सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. शिक्षा म्हणून किंवा बदला म्हणून बळ वापरण्याला आजच्या कायद्यात जागा नाही. म्हणून सरकारांचे शब्द नीट वाचायला हवेत. २००८ मध्ये भारताने लष्करी उत्तर दिले नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ च्या पुस्तकात लिहिले आहे, की त्या वेळी आपण दिसेल अशा प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता, पण नंतर विचार करता संयमच हिताचा ठरला असे वाटते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीनंतर नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवाम्यानंतर बालाकोट झाले; त्या सकाळी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदन केले त्यात भर होता पुढचा हल्ला टाळण्यावर आणि लक्ष्य लष्करी नसल्यावर. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारले, त्यांत सहा महाराष्ट्रातले, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले, आणि सरकारने ते मोजके, संघर्ष न वाढवणारे असल्याचे सांगितले. पुढचे चार दिवस सीमेवर तोफा चालल्या, पूंछमध्ये सामान्य माणसे आणि मुले मेली, घाटकोपरच्या वस्तीत वाढलेला एक अग्निवीर कामी आला. १० मे रोजी गोळीबार थांबला.

माझ्या मते या कारवायांच्या बाजूने सगळ्यांत मजबूत युक्तिवाद हा आहे, की शेजारचे राज्य आपल्या भूमीवरच्या टोळ्यांना आवरत नसेल तर हल्ला झालेल्या देशाने हात बांधून बसावे असे कुठलेही नीतिशास्त्र सांगू शकत नाही. विरुद्ध बाजूने सगळ्यांत मजबूत प्रश्न हा, की अशा कारवाईने पुढचा हल्ला खरोखर टळतो का, आणि दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये अस्त्र आवरण्याची खात्री कोण देणार. दोन्हींना सारखे वजन देऊन वाचा. हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या, घरात अजून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांपुढे ऑक्टोबर २०२३ पासून तो रोज उभा आहे: हल्ल्याचे दुःख खरे, आणि गाझातल्या मुलांचे मरणही खरे.

एका मुद्द्यावर मी वाचकांना जरा जास्त वेळ थांबायला सांगेन, कारण तत्त्वज्ञानाची पुस्तके तो घाईने ओलांडतात. तो म्हणजे खात्रीचा. उत्तर द्यायचे तर कुणी केले हे ठाऊक हवे. २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात १२ जण दोषी ठरले होते, पाच जणांना फाशी होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. मालेगावच्या सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेले आरोपी २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. सप्टेंबर २००८ च्या स्फोटात आरोपी असलेले सातही जण ३१ जुलै २०२५ ला सुटले. मारली गेलेली माणसे तर परत येत नाहीत. त्यांच्या घरच्यांना अजून कुणी नीट सांगितलेले नाही की हे कुणी केले. साक्षी, उलटतपासणी, अपिले, इतकी वर्षे, आणि तरी ही अवस्था. मग चार-दोन दिवसांत, गुप्त माहितीवर, क्षेपणास्त्र सोडण्याआधी किती खात्री पुरेशी? तुरुंगातून माणूस उशिरा का होईना बाहेर येतो. क्षेपणास्त्राला अपील नसते. मला वाटते की लष्करी प्रत्युत्तराच्या न्याय्यतेची खरी कसोटी इथे आहे, आणि लोकशाहीत ती लावण्याचे काम फक्त सेनापतींचे नाही. कारवाई आपल्या नावाने होते, तेव्हा पुरावा मागण्याचा हक्क आणि भारही आपलाच.

संग्रह कसा वाचावा याबद्दल थोडे. क्रमाने वाचलाच पाहिजे असे नाही. ज्यांना कायद्याची भाषा जड जाते त्यांनी सौप्तिकपर्वातल्या वेच्यांपासून सुरुवात करावी, मग टिळकांचे लेख घ्यावेत. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले, रयतेला उपद्रव देऊ नका असे बजावणारे पत्रही मुद्दाम घेतले आहे. सैन्याने सामान्य माणसाशी कसे वागावे याचा विचार या मातीत कसा झाला, हे त्यात दिसते. ज्यांना आधी आजच्या घटना हव्या असतील त्यांनी शेवटच्या भागापासून उलटे यावे. मात्र प्रत्येक प्रकरण वाचताना चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: लक्ष्य कोण होते, हुकूम कुणाचा होता, साधायचे काय होते, आणि प्रत्यक्ष मेले कोण. बाजू बदलून हीच चार उत्तरे पुन्हा लिहावीत. आपल्याला प्रिय असलेल्या बाजूला लावलेले माप दुसऱ्या बाजूला लावताना पेन अडखळला, तर तिथेच थांबून चर्चा करावी.

शक्य असेल तर हे एकट्याने वाचू नका. कोळीवाड्यातल्या आमच्या वर्गात फाळणीत घर गमावलेल्यांची नातवंडे आहेत, बोटीवर जाणारे आहेत, रुग्णालयात रात्रपाळी करणारे आहेत. त्यांची मते जुळत नाहीत आणि जुळावीत अशी अपेक्षाही नाही. नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या बैठकीला कसाब खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला वकिलाच्या हक्काविषयीचा भाग वाचून यावा. त्याचा मराठी अनुवाद संग्रहाच्या पहिल्याच भागात दिला आहे.